आई शाळेच्या व्हरांड्यात का बसते?

परवा तालुक्यातल्या एका शाळेत गेलो होतो, बातमी वेगळीच होती. व्हरांड्यात एक ताई मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या. विचारलं तर म्हणाल्या, "मुलगा चौथीत आहे, ऑटिझम आहे. मी नसले तर वर्गात घेत नाहीत." पहिलीपासून रोज, दहा ते पाच. शिवणकाम सुटलं ते सुटलंच.

मुख्याध्यापक मात्र अभिमानाने सांगतात, "आम्ही समावेशित शिक्षण देतो." अहो सर, आईला पहाऱ्यावर बसवून कसलं समावेशन?

आणि ती करते काय? घंटा झाली की दप्तर भरते, पाणी पाजते, कल्ला वाढून पोरगा कानावर हात ठेवून ओरडायला लागला की बाहेर नेते. जे पोराने शिकायचं ते सगळं आईच करतेय, कारण त्याला कुणी शिकवलंच नाही.

शिकवता येतं. पुठ्ठ्यावर दिवसाची चित्रं लावा: परिपाठ, गणित, खिचडी, खेळ. एक संपलं की त्याने स्वतः ते कार्ड काढून पाकिटात टाकायचं. आवाज सहन होईना तर दाखवायला 'थोडा वेळ बाहेर जातो' असं एक कार्ड. वही काढली का, गृहपाठ उतरवला का, याची टिक त्यानेच करायची. सुरुवातीला बाईंनीही शेजारी आपली टिक करून दोन्ही ताडून बघायच्या, जमायला लागलं की हळूहळू बाजूला व्हायचं. खर्च पुठ्ठा आणि फेव्हिकॉलचा. (पोरगा हात फडफडवतो ते बंद करणं यात येत नाही. बऱ्याच शाळांना नेमकं तेवढंच हवं असतं.)

वर्गातल्या बाईंना मी दोष देणार नाही, त्यांना हे कुणी दाखवलेलंच नाही. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्रमाणही ठरवलंय: प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक. या पोराच्या वाट्याला काय? गट साधन केंद्रातून फिरतीवर येणारे शिक्षक. महिन्यातून एकदा. सही, फोटो, पुढची शाळा. त्यांच्याकडे तरी गावं किती!

३ डिसेंबरला, दिव्यांग दिनी, याच शाळेत फळवाटप होतं. फोटो आमच्या पेपरात येतो. तीन वर्षं मीच छापलाय, लाज वाटते.

सर, यंदा फोटो पाठवू नका. विशेष शिक्षक आठवड्याला किती तास येणार आणि त्या ताई व्हरांड्यातून कधी उठणार, तेवढं तारखेसह कळवा. पहिल्या पानावर घेतो.