भूमी एकाची, तेल दुसऱ्याचे

अमेरिकेत खाजगी जमिनीखालचे तेल बहुधा खाजगी मालकाचेच असते. म्हणून उत्तर डकोटातील शेतकरी कुटुंबाच्या दारी तेलकंपनीचा दलाल पट्ट्याचा कागद घेऊन उभा राहतो. (आपल्याकडे तेलाचा पट्टा सरकारच देते, मेहसाण्याच्या शेतकऱ्यास हा मोह नाही, त्याचे भांडण भरपाईचे.) सही होताच एकरी रोख रक्कम, पुढे उत्पन्नात हिस्सा, पूर्वी तो सरसहा एक-अष्टमांश असे. रकमेला भुलणारे पुष्कळ. खरी मेख मात्र मुदतीच्या कलमात असते. तीन वा पाच वर्षांचा म्हणून लिहिलेला पट्टा, विहिरीतून किफायतशीर तेल निघते तोवर आपोआप चालू राहतो, आणि मग तो नातवंडांनाही मोडता येत नाही.

त्याहून बिकट अवस्था, पूर्वीच्या मालकाने खनिजहक्क राखून विकलेले शेत कसणाऱ्याची. तेलातील छदामही त्यास मिळत नाही; रस्ता मात्र त्याच्याच उभ्या पिकातून जातो. उत्तर डकोटाने १९७९ साली कायदा करून त्यास नुकसानभरपाई देवविली खरी. पण भरपाई म्हणजे संमती नव्हे. विहिरीची जागा व रस्त्याची आखणी ठरविताना तरी त्याचे म्हणणे बंधनकारक मानावे, ही मागणी आम्हांस मुळीच अवाजवी वाटत नाही.