चार वाजताचा चहा आणि तव्यावरचे स्कोन

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले की माहीमच्या आमच्या चाळीत एक वेगळीच लगबग सुरू व्हायची. मैदा, रवा, तूप, पिठीसाखर पिशवीत भरून आई आणि शेजारच्या काकू बेकरीत नानकटाई भाजून आणायला निघायच्या. तिथे नंबर लावायचा, पत्रे भरायचे आणि भट्टीसमोर घामाघूम होत बसायचं. आम्ही मुलं रिकामे डबे घेऊन मागे. परत येताना डबा गरम लागायचा आणि गोपी टँक मार्केटपर्यंत पोचेस्तोवर त्यातल्या दोन-चार नानकटाया कमी झालेल्या असायच्या.

त्यामुळे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की भाजायचं काम भट्टीचं, ते काही घरचं नव्हे. आता त्या भट्ट्याही बदलत आहेत. मुंबईची हवा बिघडली म्हणून जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. धुराचा त्रास माहीमकरांना सांगायला नको, आदेश योग्यच. पण लाकडाच्या आचेचा तो वास आठवतो, हेही खरं.

आमच्या महिला मंडळात मी स्कोन करायचं ठरवलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "ताई, ओव्हन कुणाकडे आहे इथे?" खरं सांगायचं तर स्कोनला ओव्हन लागतोच असं नाही. हा मूळचा स्कॉटलंडचा पदार्थ. घरोघरी ओव्हन येण्याआधी तिथल्या बायका तो चुलीवर लोखंडी तव्यावरच भाजत. जाडसर गोल थापायचा, सुरीने चार तुकडे करायचे आणि मंद आचेवर दोन्ही बाजूंनी शेकायचा. भाकरी थापणाऱ्या बाईला यात अवघड काय आहे?

पाव किलो मैद्यात चहाचे अडीच सपाट चमचे बेकिंग पावडर, दोन मोठे चमचे पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ घालून चाळून घ्या. पन्नास ग्रॅम लोणी घ्या, पण फ्रीजमधलं थंडगार. शंकरपाळ्याला आपण कडकडीत मोहन घालतो, इथे नेमकं उलटं. थंड लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचं, रव्यासारखं दिसेपर्यंत. मग साधारण सव्वाशे ते दीडशे मिली थंड दूध बेताबेताने घालून गोळा करायचा. आणि इथेच थांबायचं! आपला हात पोळीच्या कणकेला सरावलेला. मी पहिल्यांदा पीठ चांगलं मळून, तिंबून ठेवलं आणि जे झालं ते दाताने तुटेना. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो. गोळा ओबडधोबड दिसला तरी चालेल.

त्याचे दोन भाग करून अर्धा इंच जाडीचे गोल थापा, प्रत्येकाचे चार तुकडे करा. जाड तव्यावर थोडं पीठ भुरभुरवून अगदी मंद आचेवर, झाकण ठेवून, एकेक बाजू सात-आठ मिनिटं. शेवटी तुकडे उभे धरून कडाही शेकून घ्या. एक फोडून बघा, आत ओलसर लागलं तर आणखी थोडा वेळ ठेवा.

इंग्लंडात डेव्हन परगण्यातले लोक स्कोनवर आधी साय लावतात आणि मग जॅम, शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम आणि वर साय. यावरून त्यांच्यात कायमची हुज्जत. आपल्याकडे घरची साय आणि बरणीतला साखरांबा आहे, आधी काय लावायचं ते तुम्हीच ठरवा.

विकतची खारी, बटर काय वाईट, असं कुणी म्हणेल. चवीला नाहीच वाईट. ट्रान्स फॅटवर सरकारने जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण सुट्या खारीच्या पुडीवर आत कोणतं तूप आहे ते कुठे लिहिलेलं असतं? अर्थात स्कोनमध्येही मैदा आणि लोणीच आहे, रोज खायचा पदार्थ नव्हे हा.

पण माझं म्हणणं वेगळंच आहे. मंडळातल्या एकीने घरी जाऊन आठ स्कोन केले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "कसे झाले?" म्हणाली, "छान झाले म्हणे." म्हणे? तीन मुलांना, दोन ह्यांना, दोन सासूबाईंना आणि एक शेजारच्या बाळाला. हिने चहाबरोबर सकाळची उरलेली पोळी खाल्ली. मला राग आला, आणि मग आठवलं, की बेकरीत घामाघूम होऊन बसलेल्या आईला भट्टीतून निघालेली गरम नानकटाई खाताना मीही कधी पाहिलेलं नाही. ती डब्याच्या तळाचा चुरा खायची.

चार ते साडेचार एवढीच वेळ बहुतेक घरांत बाईची असते. मुलं क्लासला, कामं आवरलेली, संध्याकाळचा स्वयंपाक अजून लांब. त्या वेळी तव्यावरून उतरलेला पहिला स्कोन करणारीने खावा, साय लावून, बसून. उरवून ठेवू म्हणाल तर तेही जमत नाही, रात्रीपर्यंत तो कोरडा पडतो. त्या बाईला मी हे सांगितलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "मग ताई, चारच तुकडे करते. पण तुम्ही याल ना चहाला?"

येत्या गुरुवारी जाणार आहे. साखरांबा मी नेते आहे.