खानमोहम्मद इब्राहिम कुणाचा?

मंचर, घोडेगाव, जुन्नरकडे टेनिस बॉलच्या सामन्यांत संघ गावाच्या नावाने उतरतात. एका गावाकडून शेख आणि थोरात सलामीला आले, तर त्यात कुणाला नवल वाटत नाही. पण भारत-पाकिस्तान सामना आला की त्याच शेखला चेष्टेने विचारतात, "तू कुणाकडून?" मग आपण घाईघाईने यादी वाचतो: पतौडी, अझरुद्दीन, श्रीरामपूरचा झहीर खान. मला ही यादी वाचणं पटत नाही. का, ते सांगायला के. सी. इब्राहिम यांचं उदाहरण पुरेसं आहे.

खानमोहम्मद इब्राहिम यांचा जन्म 1919 साली मुंबईत झाला. तेव्हा मुंबईत धर्मावर संघ पडत. 1944 च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मुस्लिम संघाला हिंदू संघाविरुद्ध 298 धावा हव्या होत्या. इब्राहिम नाबाद 137 राहिले आणि मुस्लिम संघ एका गड्याने जिंकला. 1946 नंतर ही स्पर्धा बंद पडली. ते बरंच झालं.

पण इब्राहिम यांचा खरा बहर त्यानंतरचा. 1947-48 च्या हंगामात, फाळणीची आग धुमसत असताना, ते 218, 36, 234 आणि 77 असे सलग चार डाव नाबाद राहिले. पाचव्या डावात 144 वर बाद झाले. एकदा बाद झाल्यापासून पुन्हा बाद होईपर्यंत 709 धावा! पुढच्या हंगामात रणजीच्या अंतिम सामन्यात त्यांनी मुंबईसाठी 219 केल्या. नोव्हेंबर 1948 मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध, स्वतंत्र भारताच्या मायदेशातल्या पहिल्या कसोटीत, 85 आणि 44. उरलेल्या तीन कसोट्यांत मात्र मिळून 40 धावाच झाल्या आणि कसोटी कारकीर्द तिथेच संपली.

पुढे ते पाकिस्तानात गेले. 2007 साली कराचीत वारले. तिकडे ते कसोटी खेळले नाहीत, म्हणून तिकडे आठवण नाही. इकडून गेले, म्हणून इकडेही नाही.

आपण त्यांना "आपला मुसलमान खेळाडू" म्हणून यादीत घातलं, तर आपणच पुन्हा धर्मावर संघ पाडू. त्यांचं नाव मर्चंट, हजारे, मोदी यांच्या शेजारी, मुंबईचा सलामीवीर म्हणून घेतलं जावं. आणि आपल्या शेखनेही यादी वाचू नये. तो कुणाकडून, हे त्याच्या संघाच्या नावातच आहे.