मान हलवणारा नको, शिकणारा हवा!

धाटावच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास आणि रोहा तालुक्यातल्या गावांत कबड्डी खेळणाऱ्या पोरांची उणीव नाही. यातली कोणती पोरे प्रशिक्षकाच्या कायम लक्षात राहतात? ‘मान खाली घालून ऐकणारी’, असे उत्तर सर्रास दिले जाते. आम्हाला ते मान्य नाही. मुकाट्याने ऐकणे म्हणजे शिकणे नव्हे. एकलव्याने एक शब्दही न विचारता अंगठा कापून दिला. आणि आपल्या देशात १९८५ पासून उत्तम प्रशिक्षकाला पुरस्कार दिला जातो, तो द्रोणाचार्यांच्याच नावाने!

शिकणारा खेळाडू कसा असतो, हे खाशाबा जाधवांनी दाखवले. मातीत घडलेला हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये गादीवर उतरला आणि सहावा आला. तेथे रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना मार्गदर्शन केले. खाशाबांनी सबबी सांगितल्या नाहीत. चार वर्षे घाम गाळला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत वरच्या वजनगटात कांस्यपदक जिंकले. त्या प्रवासाच्या खर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले होते. शिकणाऱ्याला गुरू विसरत नाही, तो असा!

पण गुरूची नजरच जातीने बांधलेली असेल तर? पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर राबत. सरावात साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकत; बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांच्या वाट्याला आले.

म्हणून मुलामुलींना आमचे सांगणे आहे : वेळेवर या, दाखवलेली चूक दुसऱ्या दिवशी सुधारून दाखवा, हरल्यावर पंचांना दोष देऊ नका. आणि ‘असे का?’ हे निर्भयपणे विचारा. प्रशिक्षकांनीही त्या प्रश्नाला उद्धटपणा समजू नये. बौद्धवाडीतले, कातकरीवाडीतले पोर चार दिवस आले नाही, तर ‘आळशी’ म्हणून नाव खोडण्याआधी घरी जाऊन चौकशी करावी. ते कदाचित मजुरीला गेले असेल.

१९२७ साली याच जिल्ह्यात, महाडला, बाबासाहेबांनी पाण्यावरचा हक्क बजावला. तळे सर्वांचे, तसे मैदानही सर्वांचेच!