आजोबांनी यंत्र व्हावे

महाड-पोलादपूरच्या वाड्यांतून कमावती पिढी मुंबई-पुण्याला जाते आणि घरी आजी-आजोबा व नातवंडे उरतात, हे चित्र जुनेच आहे. ‘कोडिंग’ हा शब्द कानी पडताच ही वडीलधारी मंडळी म्हणतात, ते आमचे काम नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यात सुचवले आहे. पण त्याची पूर्वतयारी त्याआधीच, पावसात वीज गेलेल्या दुपारी ओटीवर होऊ शकते. न्यूझीलंडचे प्राध्यापक टिम बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याची रीतच बसवली.

साधा फुली-गोळा घ्यावा. पाटीवर नऊ घरे आखून ओळीने १ ते ९ आकडे घालावेत. फुली नातीची, गोळा आजोबांचा. मात्र आजोबांनी नातीने आधी लिहून दिलेले नियमच क्रमाने पाळायचे, स्वतःची अक्कल मुळीच चालवायची नाही. समजा, तिने लिहिले: जिंकता येत असेल तर जिंका, नाहीतर माझी जिंकणारी जागा अडवा, नाहीतर मधले घर, तेही भरले असेल तर कोपरा. ऐकायला चोख! आता तिने १ मध्ये फुली मांडली, आजोबांनी ५ घेतले, तिने ९. नियमानुसार आजोबा ३ च्या कोपऱ्यात जातात. नात ७ अडवते आणि ४ व ८ अशी दोन्ही घरे तिला जिंकून देणारी ठरतात. आजोबा हरले, पण चुकला तो नियम. समोरासमोरच्या कोपऱ्यांत फुल्या असतील तर कडेचे मधले घर घ्या, ही दुरुस्ती तिलाच सुचू द्यावी. ती कोपऱ्याच्या नियमाच्या वर लिहावी लागते. खाली लिहिली तर पाळण्याची वेळच येत नाही. हे उमगायला मुलांना दोन-तीन डाव लागले तरी लागू द्यावेत.

ज्यांना विस्मरण जडले आहे, त्यांनाही हा खेळ मानाने खेळता येतो, कारण यंत्राला काही आठवावे लागत नाही. दर वेळी पाटी वाचायची. यामुळे विस्मरण हटते, असे मी म्हणणार नाही. “आजोबा, एवढेही आठवत नाही?” हे वाक्य मात्र घरात कोणी उच्चारू नये. गुडघे दुखत असतील तर पाटी टेबलावर घ्यावी, अक्षर ठळक असावे, थकवा दिसताच डाव मोडावा. आजींना वाचता येत नसेल तर नातीने एकेक नियम मोठ्याने वाचावा; आजींनी पट बघून फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावे. ‘हो’ आले की गोळा मांडायचा.