कारण नमूद नाही

१९७२ च्या दुष्काळात आमच्या गावाबाहेर पाझर तलावाचे काम निघाले आणि तेथील हजेरीपट लिहिण्याचे काम तालुका कचेरीत कारकून असलेल्या वडिलांकडे आले, त्यामुळे माणसे गुणिले दिवस म्हणजे ‘रोज’, हा हिशेब शाळेत शिकवला जाण्यापूर्वीच कंदिलाच्या उजेडात मला अवगत झाला होता. पुढे सहामाही परीक्षेत, १५ मजूर जी विहीर १२ दिवसांत खणतात ती २० मजूर किती दिवसांत खणतील, असे पाच गुणांचे उदाहरण आले. मी १८० रोजांस २० ने भागले, ‘९ दिवस’ असे लिहिले आणि ताळाही करून पाहिला. पेपर हाती आला तेव्हा त्या उत्तरावर तांबड्या पेन्सिलीची तिरपी रेघ होती आणि समासात भोपळा. शेजारच्या मुलाने व्यस्त त्रैराशिक यथासांग मांडले होते, परंतु गुणाकारात हातचा विसरल्यामुळे त्याची विहीर साडेआठ दिवसांतच पुरी झाली होती. त्यास पाचांपैकी तीन!

“गुरुजी, उत्तर बरोबर आहे,” मी धीर करून म्हणालो.

“रीत कुठाय? जागेवर बस.”

गुरुजींची बाजू अगदीच लंगडी होती असे आज मी म्हणणार नाही. उत्तर शेजाऱ्याच्या पाटीवरूनही येऊ शकते, रीत मात्र ज्याची त्याने मांडावी लागते. शिवाय साठ पेपरांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसलेल्या मनुष्याने प्रत्येक मुलाच्या डोक्यात शिरून पाहावे, ही अपेक्षाही माफक नव्हे. पण पेपरावर पालकांची सही हवी होती. वडिलांनी तो दोनदा वाचला, सही केली आणि सहीखाली, कचेरीत हात वळला होता तसा, शेरा मारला : ‘कारण नमूद नाही’. मला ते म्हणाले, “अर्ज नामंजूर करायचा तर मामलेदारालासुद्धा खाली कारण लिहावं लागतं.” माझे गुण काही वाढले नाहीत.

गणितात तरी न्याय चोख असतो, या समजुतीस शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच तडा गेलेला आहे. १९१३ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या अभ्यासकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडे तपासावयास पाठविली, तेव्हा तिला मिळालेले गुण तिसाच्या खालपासून नव्वदाच्या वरपर्यंत पसरले. कोणी रीत पाहिली, कोणी उत्तर, कोणी टापटीप. वस्तुतः प्रत्येकाचा काटा निराळा होता आणि तो कोणता, हे गुणांच्या आकड्यावरून उमगण्यास मार्ग नव्हता.

मोठ्या परीक्षांपुरती आता दाद मागण्याची सोय आहे. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकाराखाली येते आणि परीक्षार्थीस ती पाहता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला. आपल्या राज्य मंडळाकडेही शुल्क भरून प्रथम छायाप्रत आणि मग पुनर्मूल्यांकन मागता येते. परंतु मुलाच्या मनात गणिताविषयीची अढी दहावीच्या निकालाने बसत नाही. ती बसते तिसरी-चौथीच्या चाचणीत, जेथे ना अर्जाचा नमुना असतो, ना अपिलाची मुदत, आणि आपण विचार करावा की गुरुजींना आवडेल ते लिहावे, याचा निकाल मूल मुकाट्याने लावून मोकळे होते.

म्हणून माझे म्हणणे थोडके आहे. रीतीस किती गुण आणि उत्तरास किती, हे प्रश्नाशेजारीच छापावे. शिकविलेल्याहून निराळी पण निर्दोष रीत पूर्ण गुणांस पात्र धरावी. आणि जेथे गुण कापले तेथे दोन शब्दांत कारण लिहावे. यासाठी साठांच्या जागी चाळीस पेपरांचा गठ्ठा द्यावा लागला, तर तो खर्च सरकारने खुशाल सोसावा. ‘त्रैराशिक मांडले नाही’ एवढे तीन शब्द त्या भोपळ्याशेजारी असते, तर मी रुसलो असतो, कदाचित भांडलोही असतो. पण व्यस्त त्रैराशिक शिकावयास दुसऱ्याच दिवशी त्याच गुरुजींकडे गेलो असतो.