विश्लेषण : बुटाचा नंबर देशोदेशी वेगळा का? 'भा' मापाने काय बदलेल?

ऑनलाइन बूट मागवताना एकाच जोडासमोर तीन आकडे दिसतात : यूके ८, यूएस ९, ईयू ४२. त्यातला एक आपल्या सवयीचा असतो, तो निवडून पैसे भरले जातात आणि तरीही बूट चवड्यावर आवळतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने (सीएलआरआय) भारतीयांसाठी 'भा' ही स्वतंत्र मापपद्धती सुचवली, तिचे कारण याच अनुभवात आहे. मात्र नवे माप का हवे हे कळण्यासाठी जुनी मापे नेमके काय मोजतात ते आधी पाहावे लागेल.

हे आकडे आले कुठून?

भारतात रुळलेला नंबर ब्रिटिश आहे. त्याचे एकक आहे जवाचा दाणा. इंचाचा तिसरा भाग म्हणजे एक जव, साधारण ८.४७ मिलिमीटर. (अर्थशास्त्रातही आठ जवांचे एक अंगुल सांगितले आहे, पण तिथे दाण्याची रुंदी धरली आहे, इंग्रजांनी लांबी धरली.) लहान मुलांचा शून्य नंबर ४ इंचांवर, म्हणजे १२ जवांवर येतो. १३ नंबरपर्यंत पोहोचले की मोजणी संपते आणि मोठ्यांचे नंबर पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणूनच १३ नंबरचा बूट लहान झालेल्या मुलाला दुकानदार १ नंबर काढून देतो. हिशेब असा : मोठ्यांचा शून्य २५ जवांवर, तर ८ नंबर ३३ जवांवर, म्हणजे बरोबर ११ इंचांवर.

अमेरिकेने जव ठेवला, पण शून्य थोडा मागे सरकवला. त्यामुळे तिथला पुरुषांचा आकडा ब्रिटिश आकड्यापेक्षा अर्ध्याने ते एकाने मोठा येतो. स्त्रियांची मोजणी तिथे वेगळी असते, ती पुरुषांपेक्षा आणखी साधारण दीडने पुढे. युरोपात एकक 'पॅरिस पॉइंट' आहे, म्हणजे सेंटीमीटरचे दोन तृतीयांश, ६.६७ मिलिमीटर.

महत्त्वाची गोष्ट अशी की, ब्रिटिश आणि युरोपीय नंबर पायाची लांबी सांगत नाहीत. ज्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या फर्म्यावर बूट शिवला जातो, त्याची लांबी सांगतात. बोटांना जागा राहावी म्हणून फर्मा पायापेक्षा दीड-दोन सेंटीमीटर लांब असतो. ही जागा किती ठेवायची हे प्रत्येक कंपनी ठरवते. जपान, चीन आणि कोरियात मात्र थेट पाय मोजतात, सेंटीमीटरमध्ये किंवा मिलिमीटरमध्ये. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची 'मोंडोपॉइंट' पद्धतही तशीच आहे, शिवाय तीत पायाची रुंदीही नोंदवली जाते. स्कीइंगचे बूट आणि 'नाटो' देशांचे लष्करी बूट त्याच मापाने ओळखले जातात.

मग रूपांतराचा तक्ता का चुकतो?

आपल्याकडे 'यूके नंबरात ३४ मिळवा की युरोपीय नंबर मिळतो' असे सरसकट सांगतात. ८ नंबरला हे जुळते. ११ इंच म्हणजे २७.९४ सेंटीमीटर, त्याची दीडपट ४१.९. पण जव आणि पॅरिस पॉइंट सारखे नाहीत. ब्रिटिश नंबर एकाने वाढला की युरोपीय नंबर १.२७ने वाढतो. म्हणून ७ नंबरचा युरोपीय आकडा ४०.६ येतो, ११चा ४५.७ आणि ४चा ३६.८. लहान पायांसाठी ३३ मिळवावे लागतात, मोठ्यांसाठी जवळपास ३५.

आदिदास हा अपूर्णांक छापते, तिचा यूके ७ म्हणजे ईयू ४० पूर्णांक दोन तृतीयांश. ग्राहकाला हा आकडा विचित्र वाटतो, पण गणिताच्या दृष्टीने तोच प्रामाणिक आहे. नायकीचा यूके ७ ईयू ४१ असतो. अमेरिकी आकडाही आदिदासचा साडेसात, तर नायकीचा ८. सेंटीमीटरमध्ये अनुक्रमे २५.५ आणि २६. म्हणजे खोक्यावर तोच यूके ७ आणि आत अर्ध्या सेंटीमीटरचा फरक. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने रूपांतराचे तांत्रिक तक्ते २०१५ मध्ये प्रसिद्ध केले, तरी असे फरक बाजारात राहिलेच.

'भा'ची गरज का वाटली?

कारण अचूक रूपांतर झाले तरी ते लांबीचेच असते. सीएलआरआयने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी १,०१,८८० जणांच्या पायांचे त्रिमितीय स्कॅनिंग केले. भारतीयांचा चवडा युरोपीय आणि अमेरिकी लोकांपेक्षा रुंद असल्याचे त्यात दिसले. रुंदीचा पर्याय बहुतेक दुकानांत नसतोच. मग ग्राहक 'एक नंबर मोठा द्या' म्हणतो. चवडा मावतो, पण बूट लांब होतो, टाच घसरते, फोड येतात. पुरुष नाडी ढिली बांधून वेळ मारून नेतात. स्त्रियांच्या उंच टाचांच्या, निमुळत्या चपलांत तीही सोय नाही. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांसाठी तर अशा फोडाची जखम गंभीर ठरू शकते.

देशाच्या वेगवेगळ्या भागांसाठी किमान पाच मापपद्धती लागतील, असा पाहणीपूर्वी कयास होता. प्रत्यक्षात एकच पुरेशी ठरेल असा निष्कर्ष निघाला. मुलींच्या पायांची वाढ ११व्या वर्षाच्या आसपास, तर मुलांची १५-१६व्या वर्षी शिखर गाठते, असेही आढळले.

आठच मापे कशी पुरतील?

'भा'मध्ये आठ मापे असतील, असे २०२४च्या एप्रिलमध्ये वृत्तांत आले. पण यादी पाहिली तर ती वयोगट आणि लिंगानुसार आहे : तान्ही बाळे, एक ते तीन वर्षांची मुले, असे करत चौदा वर्षांवरील स्त्रिया आणि पंधरा वर्षांवरील पुरुष. देशातील सगळ्या पुरुषांना एकच माप बसणे शक्यच नाही. तेव्हा हे आठ गट समजावेत आणि प्रत्येक गटात लांबीचे टप्पे राहतीलच. अर्धे नंबर टळतील आणि सुमारे ८५ टक्के लोकसंख्येला योग्य पादत्राणे मिळतील, असा दावा आहे.

ही शिफारस केंद्राच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाकडे गेली, तिथून भारतीय मानक ब्युरोकडे. अंमलबजावणीसाठी तेव्हा २०२५चे लक्ष्य सांगितले गेले होते. अडचण कागदावर कमी आणि कारखान्यात जास्त आहे. नवे माप म्हणजे नवे फर्मे, नवे तळ, नवे साचे. मोठ्या कंपन्या हा खर्च पेलतील. घरगुती कारागीर आणि छोटे कारखानदार जुनेच फर्मे वापरून वर नवा आकडा छापतील, ही भीती अनाठायी नाही. तसे झाले तर 'भा' हा तक्त्यातला चौथा रकाना ठरेल. शिवाय पादत्राणांच्या उत्पादनात भारत चीनखालोखाल आहे आणि निर्यातदारांना युरोप-अमेरिकेचे फर्मे ठेवावेच लागतील.

तूर्त ग्राहकाने काय करावे?

संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभे राहून दोन्ही पायांची बाह्यरेषा काढावी. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची रुंदी मोजावी. दोन पायांत फरक असतोच, मोठा पाय धरावा. मग यूके-ईयूच्या मागे न लागता खोक्यावर 'सीएम' किंवा 'जेपी' पुढे छापलेला आकडा पाहावा, तो फर्म्याचा नसून पायाचा असतो. पाय रुंद असेल तर नंबर वाढवण्याऐवजी त्याच नंबरात रुंद बांधणीचा जोड आहे का, हे विचारावे. काही कंपन्या तो 'ई' किंवा 'दुहेरी ई' या खुणेने विकतात.